द्विधातू पट्टीचा हिशेब करताना

द्विधातू पट्टी म्हणजे कमी-जास्त प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंचे थर जोडून केलेली, तापल्यावर वाकणारी पट्टी. ती पातळ केली की ताण (दर क्षेत्रफळामागचे आतले बल) कमी होईल, ही समजूत आधी काढून टाका. दोन्ही थरांची जाडी आणि लवचिकता गुणांक (धातूचा ताठपणा) सारखे धरले, तर थरांच्या सांध्यालगतचा ताण = गुणांक × प्रसरणांकांतील (दर अंशाला लांबी किती प्रमाणात वाढते, त्या आकड्यांतील) फरक × तापमानवाढ ÷ २. यात जाडी येतच नाही. ती फक्त वक्रता ठरवते.

पितळ-इनव्हार (तापल्यावर फारच कमी प्रसरण पावणारा लोह-निकेल मिश्रधातू) पट्टी घ्या. प्रसरणांकांतला फरक दर अंश से.ला दशलक्षात सुमारे १८. एकूण जाडी १ मिमी, तापमानवाढ १०० अंश, तर वक्रतात्रिज्या (वाकलेल्या पट्टीच्या वर्तुळाची त्रिज्या) साधारण ३७० मिमी. एक टोक पकडलेल्या १०० मिमी पट्टीचे मोकळे टोक सुमारे १३.५ मिमी सरकते. सरासरी गुणांक १२० गिगापास्कल धरला तर सांध्याशी ताण १०८ मेगापास्कल. मऊ, तापवून नरम केलेले पितळ इथेच कायमचे वाकू शकते आणि थंड झाल्यावर पट्टी मूळ जागी येत नाही. म्हणून कडक रोल केलेले पितळ वापरा.

तापल्यावर पितळ सांध्याशी दाबात असते, पण बाहेरच्या पृष्ठावर ओढीत, तेही निम्म्या मूल्याने. हे दाब-ओढीचे (उणे-अधिक) चिन्ह हमखास चुकते, आकृती काढूनच ठरवा.

पट्टी सपाट जखडू नका: थरांमधले बल चौपट होते. आणि चिकटवलेली पट्टी नेहमी टोकापासून सुटते, कारण कातरबल (थरांना एकमेकांवरून सरकवू पाहणारे बल) टोकाजवळच्या जाडीएवढ्या पट्ट्यात एकवटते. तिथली कड आधी तपासा.