सॉफ्टवेअर मध्येच बंद पडतंय? प्लगिनच्या तक्रारी आणि उत्तरं

घरच्या रेकॉर्डिंगबद्दल या वेळी जे प्रश्न आलेत त्यातले बहुतेक एकाच दुखण्याचे आहेत, गाणं अर्धवट झालंय आणि प्लगिनमुळे (म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या वेगळ्या छोट्या प्रोग्रॅममुळे) सॉफ्टवेअर बंद पडतंय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर टाकले आणि या वेळी फक्त हाच विषय घेतला.

प्रश्न : सर, मी आणि माझे मिस्टर घरीच अभंग रेकॉर्ड करतो. मी गाते, ते तबला वाजवतात. सॉफ्टवेअर रीपर आहे. तानपुरा आणि हार्मोनियम प्लगिनवर घेतलंय, वर रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा), कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार आवरणारा) वगैरे. परवापर्यंत नीट होतं, आता ते प्रोजेक्ट उघडलं की अर्धं लोड होतं आणि रीपर आपोआप बंद. काढून परत इन्स्टॉल केलं, विंडोज पण अपडेट केलं, काही फरक नाही. वारीच्या आधी पूर्ण करायचं होतं. सगळं गेलं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, काही गेलेलं नाही, ते आधी मनातून काढा. तुमचा आवाज आणि तबला वेगळ्या ऑडिओ फाइल म्हणून डिस्कवर आहेत, एकतर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये नाहीतर डॉक्युमेंट्समध्ये रीपर मीडिया नावाचं फोल्डर असतं त्यात. एक फाइल साध्या प्लेअरमध्ये वाजवून बघा म्हणजे जीव शांत होईल. आणि प्रोजेक्टची जी आरपीपी फाइल आहे ना, ती साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते, आत प्रत्येक ट्रॅकचं नाव, त्यावरच्या प्लगिनचं नाव सगळं वाचता येतं. फक्त तिथे काही बदलू नका, आणि पुढचं काही करायच्या आधी अख्ख्या फोल्डरची एक कॉपी दुसरीकडे ठेवा.

आता मुळात होतंय काय. प्लगिन म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम, पण साधारणपणे तो रीपरच्याच मेमरीत, रीपरच्याच पोटात चालतो. एकाच मीटरवर सगळ्या खोल्या असल्यासारखं आहे हे, एका खोलीत शॉर्ट झालं की अख्खं घर अंधारात. त्यामुळे दोष एका प्लगिनचा असतो आणि आपल्याला वाटतं रीपर बिघडलं, मग आपण रीपर काढून परत टाकतो आणि तो बिचारा प्लगिन आहे तिथेच राहतो, म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही.

फाइल मेनूतून ओपन प्रोजेक्ट करा, जी खिडकी उघडते तिच्यात खाली एक चौकोन आहे, ओपन विथ एफएक्स ऑफलाइन, रिकव्हरी मोड. तो टिक करून प्रोजेक्ट उघडा. सगळे प्लगिन झोपलेले राहतील आणि प्रोजेक्ट उघडेल. उघडलं म्हणजे निम्मं काम झालं, कारण दोष प्लगिनमध्येच आहे हे पक्कं झालं. या अवस्थेत लगेच नव्या नावाने सेव्ह करा.

आता दोषी शोधायचा. एकेक चालू करत बसू नका, निम्मे निम्मे करा. समजा १६ प्लगिन आहेत, तर आधी ८ ऑनलाइन म्हणजे जागे करा (प्लगिनच्या नावावर राइट क्लिक केलं की तो पर्याय मिळतो), बंद पडलं तर चोर त्या ८ मध्ये, नाही पडलं तर उरलेल्या ८ मध्ये. मग ४, मग २, चार फेऱ्यांत एकाच नावावर येता. दर फेरीला एकच गोष्ट बदलायची हे मात्र कटाक्षाने पाळा, घाईत ड्रायव्हर पण बदलला, प्लगिन पण अपडेट केला, विंडोज पण अपडेट केलं तर नेमकं कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही आणि महिन्याभराने तेच दुखणं परत आलं की शून्यापासून सुरुवात.

दुसरा एक पुरावा विंडोज स्वतः लिहून ठेवतं आणि तो फार कमी लोक बघतात. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर टाइप करा, डावीकडे विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. ज्या मिनिटाला रीपर बंद पडलं त्या वेळेची लाल खुणेची एरर ओळ शोधा. खाली फॉल्टिंग ॲप्लिकेशन म्हणून रीपरचं नाव असेल, त्याकडे दुर्लक्ष करा. त्याच्या खाली फॉल्टिंग मॉड्यूल असतं, ते महत्त्वाचं. तिथे एखाद्या प्लगिनच्या फाइलचं नाव दिसलं तर शोध संपला. एनटीडीएलएल असं काही दिसलं तर ती विंडोजची स्वतःची फाइल आहे, तिला दोष देऊ नका, खरा गुन्हेगार दुसरा असतो, परत निम्मे निम्मे करायला या.

सापडला की काय करायचं? आधी बनवणाऱ्याच्या साइटवरून त्याची नवीन आवृत्ती टाका. मग बघा की तो जुन्या व्हीएसटी २ प्रकारचा आहे का (व्हीएसटी म्हणजे प्लगिन लिहायची एक ठरलेली पद्धत). व्हीएसटी ३ हा प्रकार २००८ मध्ये आला आणि ही पद्धत काढणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी २ चं डेव्हलपर किट देणं २०१८ मध्ये बंद केलं, म्हणजे त्या जुन्या फाइलकडे आता फारसं कुणी बघत नाही. दोन्ही मिळत असतील तर ३ घ्या. पण जुना काढायच्या आधी त्याच्या सेटिंग लिहून घ्या नाहीतर फोटो काढा, एकातून दुसऱ्यात त्या दर वेळी जशाच्या तशा जातील असं नाही. आणि नवीन आवृत्तीच मिळत नसेल पण आवाज हवाच असेल, तर प्लगिनच्या यादीत त्याच्यावर राइट क्लिक करून रन ॲज मध्ये डेडिकेटेड प्रोसेस निवडा. मग तो स्वतंत्र चालतो, पडला तर तो एकटा पडतो, तुमचं प्रोजेक्ट उभं राहतं. प्रोसेसरवर थोडा जास्त भार येतो, सगळ्याच प्लगिनना हे लावत बसू नका.

तुमच्या बाबतीत माझा संशय हार्मोनियमच्या सॅम्पलरवर आहे. असे प्लगिन खरे रेकॉर्ड केलेले सूर मेमरीत भरतात, आणि प्रत्येक अभंगाला वेगळं हार्मोनियम घेतलं असेल तर ८ जीबी रॅमचा लॅपटॉप भरायला वेळ लागत नाही. रिकव्हरी मोडमधून प्लगिन चालू करताना टास्क मॅनेजर उघडा ठेवा आणि मेमरीचा आकडा चढतो कसा ते बघा. नव्वद टक्क्यांच्या पुढे जाऊन पडत असेल तर उत्तर मिळालं. मग हार्मोनियमचा वाजवून झालेला ट्रॅक फ्रीझ करा, ट्रॅकवर राइट क्लिक, रेंडर फ्रीझ, फ्रीझ टू स्टिरिओ. त्याची ऑडिओ फाइल होते, प्लगिन मेमरीतून उतरतो, आणि परत बदल करावासा वाटला तर अनफ्रीझ आहेच. मी तर म्हणतो की वाजवून मनासारखं झालं की लगेच फ्रीझ करायची सवय लावा, कारण प्लगिन आज आहे उद्या नाही, ऑडिओ फाइल कुठेही उघडते.

आणि एक मनातलं सांगू का ताई. तुम्ही मिरजेत राहता. सतारमेकर गल्ली तुमच्या गावात, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, अख्ख्या देशातले गवई तुमच्या गावचा तानपुरा मांडीवर घेतात, आणि तुम्ही प्लगिनचा तानपुरा लावून गाताय. ओळखीत कुणाकडे तरी असेलच, तुमच्या पट्टीत लावून घ्या, जवारी (तारेखालच्या घोडीमुळे येणारा गुंजारव) नीट बोलतेय ना बघा, पंखा बंद करा, भोपळ्यापासून हातभर लांब माइक ठेवून पाच-सात मिनिटं सलग छेडून घ्या. तो ट्रॅक सगळ्या अभंगांखाली चालेल, एक प्लगिन कमी होईल आणि गाताना तुमचा षड्ज कसा लागतो तो फरक तुम्हालाच कळेल.

प्रश्न : दादा, माझा सिंथ (सिंथेसायझर) प्लगिन वाजतो व्यवस्थित, पण त्याची विंडो उघडली की सॉफ्टवेअर गायब, एरर सुद्धा देत नाही. विंडो न उघडता मिडी (सुरांच्या नोंदी) वाजवला तर तासभर चालतो.
– एक वाचक, कराड

उत्तर : निदान तुम्हीच केलंय भाऊ. आवाजाचा भाग ठणठणीत आहे, चित्राचा भाग पडतोय. आजकालचे बरेच प्लगिन बटणं, वेव्हफॉर्म वगैरे ग्राफिक्स चिपकडून काढून घेतात, म्हणून ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असला की विंडो उघडताक्षणी पडतात. वर मिरजेच्या ताईंना इव्हेंट व्ह्यूअर सांगितलंय तिथे फॉल्टिंग मॉड्यूल बघा, नाव एनव्ही नाहीतर आयजी अक्षरांनी सुरू होत असेल तर जवळजवळ नक्की ग्राफिक्सचा ड्रायव्हर. तो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून अपडेट करा. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन तुमचं सॉफ्टवेअर यादीत टाका आणि एकदा पॉवर सेव्हिंग, एकदा हाय परफॉर्मन्स लावून बघा, कशावर टिकतं ते ठेवा. काही प्लगिनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ओपनजीएल (ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घ्यायची पद्धत) बंद करायचा पर्याय असतो, तो मिळाला तर सगळ्यात सोपं.

प्रश्न : नवीन लॅपटॉप घेतला, जुन्यावर चालणारे तेच प्लगिन यावर स्कॅन होतानाच (सॉफ्टवेअर प्लगिन शोधून तपासतं तेव्हाच) बंद पडतात. लॅपटॉप जास्त भारी आहे, तरी असं का? अकाउंट बनवताना मुलीने हौसेने माझं नाव मराठीत टाकलंय, बाकी सगळं जुन्यासारखंच आहे.
– एक वाचक, वाई

उत्तर : बाकी सगळं जुन्यासारखं असेल तर आधी त्या नावाकडेच बघा. नाव तसं टाकलं असेल तर सी ड्राइव्हच्या युजर्समध्ये तुमचं फोल्डरही देवनागरीत झालेलं असू शकतं, आधी ते बघून घ्या. तसं असेल तर प्लगिन आपले प्रीसेट (जपून ठेवलेल्या सेटिंग) आणि लायसन्स त्याच फोल्डरमध्ये शोधायला जातो, आणि जुन्या पद्धतीने लिहिलेल्या प्लगिनना इंग्रजी सोडून दुसरी लिपी असलेला पत्ता वाचताच येत नाही, काही गप्प बसतात, काही पडतात. आपल्या लिपीत नाव टाकणं ही काही चूक नाही, प्लगिन लिहिणाऱ्यांनी हे कधीच सुधारायला हवं होतं, आणि ज्या कंपनीचा प्लगिन पडतोय तिला हे मेल करून जरूर कळवा, आपण कळवलं नाही तर त्यांना कळणार कसं.

तोपर्यंतचा उपाय असा, अकाउंटचं नुसतं दिसणारं नाव बदललं तर आतल्या फोल्डरचं नाव बदलत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत एक नवीन लोकल अकाउंट बनवा, त्यात लॉगइन करा आणि तिथून स्कॅन करून बघा. चाललं तर रेकॉर्डिंगपुरतं तेच अकाउंट ठेवा. सॅम्पल लायब्ररीच्या फोल्डरची नावं पण इंग्रजीतच ठेवा. आणि नवीन लॅपटॉपवर डॉक्युमेंट्स फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हमध्ये गेलेलं असतं, प्रीसेटच्या फाइलवर ढगाची खूण दिसली तर ती फाइल लॅपटॉपवर नाही, इंटरनेटवर आहे. राइट क्लिक करून ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस करा.

प्रश्न : सर मी कॉलेजला आहे, मित्राने पेनड्राइव्हमध्ये खूप प्लगिन दिले, महागडे पण होते त्यात. आता एफएल स्टुडिओ दर दहा मिनिटाला क्रॅश होतोय. कोणता ठेवू आणि कोणता काढू?
– एक वाचक, विटा

उत्तर : सगळे काढ. तुला लागेल असं बोलायचं नाही मला, पैसे नसताना शिकायची तळमळ काय असते ते मला कळतं, म्हणूनच स्पष्ट सांगतो. असे पेनड्राइव्हवरून फिरणारे महागडे प्लगिन बहुतेक क्रॅक केलेले असतात, आणि क्रॅक म्हणजे प्लगिनच्या फाइलमध्ये कुणीतरी हात घालून लायसन्स तपासणारा भाग मोडलेला असतो, मग तो कधी, कुठे पडेल याची खात्री मूळ कंपनी पण देऊ शकत नाही आणि क्रॅक करणारा तर नाहीच नाही. वर त्यासोबत व्हायरस आला असेल तर तुझे पासवर्ड पण धोक्यात. आधी पेनड्राइव्ह बाजूला ठेव, प्लगिन काढल्यावर विंडोज सिक्युरिटीचं फुल स्कॅन लाव आणि महत्त्वाचे पासवर्ड मोबाइलवरून बदल.

आणि फुकटात कायदेशीर इतकं मिळतं की वर्षभर पुरेल. इक्यूसाठी (आवाजातले जाड-बारीक भाग कमीजास्त करायला) टोकियो डॉनचा नोव्हा, रिव्हर्ब आणि डिलेसाठी वलहालाचा सुपरमॅसिव्ह, वाद्यांसाठी स्पिटफायरचं लॅब्ज. रीपर बनवणाऱ्या कॉकॉसचे रीप्लग्ज नावाचे इक्यू, कॉम्प्रेसर, गेट (बारीक आवाज बंद करणारा) विंडोजवर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही चालतात, दिसायला अगदी साधे आहेत पण फार कमी मेमरी खातात आणि माझ्या तरी हाताखाली टिकाऊ निघालेत. एकच कॉम्प्रेसर घे आणि दोन महिने तोच वापर, अटॅक रिलीज (तो आवाज किती लवकर दाबतो आणि सोडतो ते) फिरवून काय होतं ते कानाला कळू दे. चाळीस कॉम्प्रेसर असून ते कळत नाही रे.

प्रश्न : माझं सॉफ्टवेअर बंद पडत नाही पण गाताना हेडफोनमध्ये तडतड येते. यालाही क्रॅशच म्हणायचं का, आणि प्लगिन काढावे लागतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, हा क्रॅश नाही, प्लगिन काढायची गरज बहुतेक नाही. बफर (आवाजाचा एका वेळी केवढा तुकडा तयार करायचा ती सेटिंग) वाढवून बघा. ४८ किलोहर्ट्झला बफर ६४ असेल तर एकेक तुकडा तयार करायला लॅपटॉपला जेमतेम १.३ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात सगळ्या प्लगिनचं काम उरकलं नाही की तड असा आवाज येतो. गाताना १२८ किंवा २५६ ठेवा आणि आवाज स्वतःला उशिरा ऐकू यायला लागला तर इंटरफेसवरचं (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीवरचं) डायरेक्ट मॉनिटर बटण दाबा, म्हणजे तुमचा आवाज सॉफ्टवेअरमधून न फिरता थेट कानात येईल. मिक्सिंगला बसाल तेव्हा १०२४ करा, तिथे उशीर झाला तरी कुणाचं बिघडत नाही. तरीही तडतड राहिली तर वायफाय बंद करून, चार्जर काढून एकेकदा बघा. तुम्ही इंटरफेस कोणता आणि त्याचा स्वतःचा एएसआयओ (कमी उशिरात आवाज पोचवणारा) ड्रायव्हर टाकलाय की एएसआयओ४ऑल या सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालवताय ते लिहिलेलं नाही, तेवढं कळवा म्हणजे पुढच्या अंकात नेमकं सांगतो.