प्रवेश मिळाला, आता हिशेब मांडू

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज वाचला आणि डोळे भरून आले. चाकणच्या शिफ्ट सांभाळून कॅट ही प्रवेश परीक्षा दिलीस, मुलाखतीला गेलीस आणि एमबीएसाठी थेट अहमदाबादच्या आयआयएमला नंबर लावलास. खाली एकच ओळ होती, ‘काका, एवढं कर्ज काढून जाऊ का?’

आधी पैशांचं बोलतो. घरात सध्या पेढे वाटणं चालू असेल, हा विषय कुणी काढणार नाही. दोन वर्षांची फी 25 लाखांच्या पुढे जाते. आयआयएमसाठी बँका तारण मागत नाहीत, म्हणून कर्ज पटकन मिळतं आणि हलकं वाटतं. 25 लाख, 9 टक्के व्याज, 10 वर्षं मुदत धर. महिन्याचा हप्ता साधारण 31,700 रुपये. शिकत असताना चढलेलं व्याज वेगळं, आणि दोन वर्षं बुडणारा पगारही खर्चातच धरायचा. पॅकेजचे आकडे ऐकशील तेव्हा सरासरीकडे पाहू नकोस. दोन-चार मोठ्या ऑफर आल्या की ती फुगते. वर्गाच्या बरोबर मधोमध असलेल्याला किती मिळाले ते विचार. त्यातूनही जॉइनिंग बोनस वजा कर, तो एकदाच मिळतो. घरच्या उत्पन्नावर तिथे शिष्यवृत्ती मिळते, तिचा अर्ज मात्र नक्की भर.

आता एवढ्या पैशांत मिळतं काय? 2017 चा कायदा होईपर्यंत आयआयएम एमबीएची पदवी देतच नव्हत्या, पदविका द्यायच्या. तरी कंपन्या रांग लावून यायच्या. कंपन्यांना हवी असते ती चाळणी, आणि त्या चाळणीतून तू आत्ताच पार पडली आहेस. मी स्वतः तीन वर्षं कारखान्यात राहून मार्केटिंगमध्ये जायला धडपडलो. अर्ज प्रत्येक वेळी परत आला. एमबीए झाल्यावर त्याच दर्जाच्या कंपनीने मला पहिल्या मुलाखतीत घेतलं. माझी अक्कल दोन वर्षांत एवढी वाढली नव्हती. खरं शिकलो ते केस चर्चेत, म्हणजे एखाद्या कंपनीपुढचा पेच वर्गात सोडवताना. अर्धवट माहितीवर निर्णय घ्यायचा आणि साठ-सत्तर हुशार मुलांसमोर त्याची बाजू मांडायची, ही सवय आजही कामी येते.

(सरसकट ‘एमबीए कर’ असं मी कुणालाच सांगत नाही. नाव नसलेल्या कॉलेजात पंधरा लाख घालणाऱ्याला मी हात धरून थांबवतो. मुंबईचं जमनालाल बजाज हे व्यवस्थापनाचं कॉलेज 1965 पासून आहे, राज्याच्या सीईटीतून प्रवेश मिळतो आणि फी अहमदाबादच्या मानाने कितीतरी कमी. तिथे नंबर लागला तर एवढा विचारही करावा लागत नाही.)

पण तुझ्या मेसेजमध्ये आणखी एक वाक्य होतं, ते तू सहज लिहून गेलीस. ‘पुढे कधीतरी बाबांची शिरोलीची फाउंड्री बघायचीच आहे.’ मी तिथेच अडलो. हा हप्ता भरायचा तर तुला जास्त पगाराचं कन्सल्टिंग (कंपन्यांना सल्ला देण्याचं काम) किंवा बँकिंगच धरावं लागेल, कोल्हापूरला बाबांच्या ओतकामाच्या कारखान्यात परतणं दरवर्षी पुढे ढकललं जाईल. कॉलेज दारं उघडतं खरं, पण कोणत्या दारातून आत जायचं ते कर्ज ठरवतं. माझ्या वर्गातले दोघं असेच अडकले. घरचे धंदे तोवर दुसऱ्यांच्या हातात गेले.

कन्सल्टिंग हे तुझं मनापासूनचं स्वप्न असेल तर डोळे मिटून जा, एक दिवस वाया घालवू नकोस. पाच वर्षांत फाउंड्रीत बसायचं असेल तर जाऊ नकोस, हे मी स्पष्ट सांगतो. तिथे प्लेसमेंटचा तुला उपयोग नाही. त्यापेक्षा दोन वर्षं बाबांच्या शेजारी बसून ओतीव मालाचा खर्च, रिजेक्ट होणारा माल आणि अडकलेली उधारी समजून घे. व्यवस्थापनाचे छोटे अभ्यासक्रम नंतरही करता येतात.

जागा पक्की करायची मुदत जवळ असेल. त्याआधी बाबांना नुसतं विचार, ‘मला तिकडे यायचंय, तुम्हाला मी हवी आहे का?’ माझा अंदाज आहे, हा प्रश्न तुमच्या घरात आजवर कुणी कुणाला विचारलेला नाही. ते काय म्हणाले ते मला फोन करून सांग. रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागा असतो.

तुझा,
काका