शब्द कोणाच्या तोंडी आहे?

वाचकांच्या प्रश्नांना रशियनच्या शिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : मी नाशिकचा. रशियनचा डिप्लोमा झालाय आणि एका गेमिंग स्टुडिओसाठी इंग्रजी संवादांचं रशियन करायचं काम मिळालंय. ‘ड्यूड’, ‘बडी’, ‘डोन्ट स्वेट इट’, ‘टेन ग्रँड’ असले शब्द पानोपानी आहेत. मी ‘ड्यूड’ला सगळीकडे ‘चुवाक’ आणि ‘बडी’ला ‘प्रियातेल’ लावलं. बरोबर आहे का?

उत्तर : ‘प्रियातेल’ आजच काढून टाका. कोशात तो आहे आणि ‘हा माझा प्रियातेल’ असं कुणाबद्दल बोलताना चालतोही. पण कुणाला हाक मारायला रशियात हा शब्द वापरत नाहीत. ही हाक ऐकू येते ती डब केलेल्या अमेरिकन सिनेमात, त्यामुळे वाचणाऱ्याला पहिल्याच शब्दाला कळतं की हे भाषांतर आहे. तुमची पात्रं तरुण असतील तर ‘ब्रातान’ घ्या. हा ‘भावा’ला अगदी जवळचा आहे, फक्त 1990 च्या दशकातल्या टोळीवाल्या पोरांचा थोडा वास त्याला अजून येतो, म्हणून बँकेतल्या साहेबाच्या तोंडी घालू नका. आणि खरं सांगू? निम्म्या ठिकाणी ‘बडी’चं भाषांतर करायचंच नसतं. वाक्य ‘स्लूशाय’ने, म्हणजे ‘ऐक ना’ने सुरू केलं की जवळीक आपोआप येते.

‘चुवाक’चं वेगळं आहे. 1986 साली मी मॉस्कोत शिकत होते. वर्गातल्या मुलांकडून नुकताच ऐकलेला ‘चुवीखा’, म्हणजे चुवाकचं स्त्रीलिंगी रूप, मी हॉस्टेलच्या मजल्यावरच्या देझूर्नयासमोर मैत्रिणीबद्दल वापरला. देझूर्नया म्हणजे किल्ल्या सांभाळणारी, पन्नाशीची बाई. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. तिने हातातलं विणकाम खाली ठेवलं आणि हसत म्हणाली, “अगं, हा तर आमचा शब्द!” मग रात्री उशिरापर्यंत ती तिच्या तरुणपणातल्या स्तिल्यागांबद्दल सांगत बसली. पाश्चात्त्य कपडे आणि जॅझ यांच्यापायी वेडी झालेली ती मुलं गोर्की स्ट्रीटला ‘ब्रॉडवे’ म्हणायची. जाड तळव्यांच्या बुटांना ‘रव्याच्या खिरीवरचे बूट’ म्हणत. कोम्सोमोलची, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटनेची, गस्त त्यांना अडवून तंग पँटी कापायची. 1949 मध्ये ‘क्रोकोदील’ या विनोदी मासिकाने ‘स्तिल्यागा’ याच नावाचा लेख छापून त्यांची टर उडवली होती. हे सगळं त्या एका ‘चुवाक’मागे उभं आहे. शब्द अजून जिवंत आहे, पण सोळा वर्षांच्या आजच्या मुलाच्या तोंडी तो जरा वडलांच्या कपाटातल्या शर्टासारखा दिसतो. चाळिशीच्या पात्राला छान शोभेल. म्हणून कोश उघडायच्या आधी प्रत्येक पात्राचं वय आणि ते कुणाशी बोलतंय हे समासात लिहून ठेवा. मी अजूनही ठेवते.

इथे मराठी माणूस इंग्रजीवाल्यापेक्षा पुढे आहे. ‘यू’चं रशियन ‘ती’ (तू) करायचं की ‘वी’ (तुम्ही), हे आपल्याला ‘तू’ आणि ‘तुम्ही’मुळे कानाने कळतं. ‘चुवाक’ आणि ‘वी’ एका वाक्यात बसत नाहीत, जसं ‘अरे लेका, तुम्ही बसा’ होत नाही.

‘डोन्ट स्वेट इट’ला मात्र रशियनने आयती भेट देऊन ठेवली आहे : ‘ने पार्स्या’. शब्दशः ‘स्वतःला वाफवून घेऊ नकोस’. इंग्रजीत घाम, रशियनमध्ये वाफ! आणखी एक आहे, ‘ने ग्रुझीस’. ‘ग्रूझ’ म्हणजे ओझं, माल. ट्रकला रशियनमध्ये ‘ग्रुझविक’ म्हणतात. म्हणजे आपलं ‘लोड घेऊ नको’ जसंच्या तसं. वर्गात हे सांगितलं की पोरांचे चेहरे उजळतात आणि तो शब्द मग ती जन्मात विसरत नाहीत. परीक्षा किंवा उशीर अशा काळजीला ‘ने पार्स्या’, आणि कुणी उदास होऊन विचार करत बसलं असेल तर ‘ने ग्रुझीस’.

‘टेन ग्रँड’पाशी, म्हणजे दहा हजारांपाशी, जपून. हजाराला बोलीत ‘श्तूका’ म्हणतात, आणि श्तूका म्हणजे नग. एका मालिकेत टायरच्या दुकानातला माणूस तक्रार करतो की त्याने माझे टेन ग्रँड घेतले. मी लिहिलं, ‘त्याने माझ्याकडून दहा श्तूक घेतले.’ मॉस्कोहून संपादकाचा निरोप आला : पैसे की टायर? चूक माझीच होती. वाक्य व्याकरणात चोख होतं, पण दुकान टायरचं आहे हे मी विसरले होते. तिथे मग ‘कोसार’ घातला. त्याचा मूळ अर्थ गवत कापणारा, पण पैशाच्या बोलण्यात हजार. दशलक्षाला ‘लिमोन’, म्हणजे लिंबू. मुंबईत लाखाला ‘पेटी’ आणि कोटीला ‘खोका’ म्हणणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

प्रश्न : ‘बक्स’चं, म्हणजे डॉलर्सचं, रशियनमध्ये ‘बाक्सी’ होतं असं वाचलं. अनेकवचनाला पुन्हा अनेकवचन का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : कारण रशियन कानाला इंग्रजीतला शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा वाटतच नाही. तो शब्दाचाच भाग धरून त्यावर स्वतःचा प्रत्यय चढवतात : जीन्सचे ‘जीन्सी’, चिप्सचे ‘चिप्सी’, आणि जुन्या हिप्पी मुलांच्या भाषेत शूजचे ‘शूझी’. रेल्वेच्या रुळांचे ‘रेल्सी’ तर त्याही आधीचे. आपण ‘एक लेडीज आली होती’ म्हणतो तेव्हा हेच करतो. त्याच हिप्पी पोरांनी ‘गर्ल’ला ‘गेर्ला’ करून टाकलं, कारण शेवटी ‘आ’ असल्याशिवाय रशियनला ती मुलगी वाटेना.

क्रियापदांत तर ही भाषा बेधडक आहे. आपण ‘गुगल कर’, ‘बॅन केलं’ असं ‘करणे’ जोडतो. रशियन थेट धातू बनवते आणि पुढे उपसर्ग लावून काम पूर्ण झालं हेही सांगते : ‘गुग्लित’, ‘झागुग्लित’, ‘झाबानित’. ‘क्रिंज’ आला तसा त्याचं विशेषण ‘क्रिंजोवी’ तयार. त्यामुळे आजच्या किशोरवयीन पात्रासाठी इंग्रजी शब्दच रशियन प्रत्ययासह ठेवायला कचरू नका. तिथे शुद्ध रशियन प्रतिशब्द शोधणं म्हणजे त्या मुलाला आजोबा करणं.

प्रश्न : ‘चिल’ला ‘कैफ’ चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर : चालेल, आणि तो आपलाच ‘कैफ’ आहे, मूळ अरबी. एकोणिसाव्या शतकात रशियन लोक त्याला ‘केय्फ’ म्हणत, अर्थ निवांत पडून राहणं. आता ‘काय्फ’ म्हणजे निखळ मजा आणि ‘काय्फवात’ म्हणजे मजेत वेळ घालवणं. फक्त ‘पद काय्फम’ लिहू नका, त्याचा अर्थ तो माणूस अमली पदार्थाच्या नशेत आहे असा होतो.

प्रश्न : इंग्रजी शिव्यांचं काय करायचं? रशियनमध्ये तेवढ्याच कडक शिव्या आहेत ना?

उत्तर : तेवढ्याच नाहीत, जास्त कडक आहेत. रशियन ‘मात’, म्हणजे तिथल्या अश्लील शिव्या, ही फार जड गोष्ट आहे. इंग्रजी सिनेमात दर वाक्याला येणारी शिवी तिथे तशीच ठेवली तर बोलणारा सरळ गुन्हेगार वाटतो, म्हणून मी बहुतेक वेळा एक पायरी खाली उतरते. शिवाय 1 जुलै 2014 पासून तिथे कायदाच आहे : सिनेमा-नाटकांत मात नको, आणि ज्या पुस्तकात असेल ते सीलबंद करून, वर सूचना छापून विकायचं.

अमेरिकन लेखक सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’ कादंबरीचं रीता राइट-कोव्हाल्योव्हा यांनी केलेलं भाषांतर 1960 मध्ये ‘इनोस्त्रान्नाया लितेरातूरा’ मासिकात आलं. शाळेच्या भिंतीवर खरडलेली ती प्रसिद्ध शिवी त्यांनी लिहिलीच नाही, ‘अश्लील काहीतरी’ एवढंच म्हटलं. तिथे मूळ कादंबरीची धार गेली, हे मला मान्य आहे. पण ‘फोनी’ला, म्हणजे खोट्या, दिखाऊ माणसाला, त्यांनी ‘लीपा’ वापरला. लीपा एका झाडाचं नाव, बोलीत त्याचा अर्थ बनावट. किती नेमका शब्द! तो कादंबरीतल्या मुलाचा स्वतःचा वाटतो. 2008 मध्ये माक्स नेम्त्सोव यांनी बरंच रांगडं भाषांतर केलं, त्यावर खूप टीका झाली. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. माझं मन अजून त्या ‘लीपा’पाशी जातं.

प्रश्न : माझा मुलगा कझानला एमबीबीएस करतोय. फोनवर सारखं ‘ब्लिन, ब्लिन’ म्हणतो. ही शिवी आहे का? (एक आई, सोलापूर)

उत्तर : घाबरू नका, ताई. ब्लिन म्हणजे आपल्या घावनासारखा पातळ पदार्थ, मास्लेनित्सा सणाच्या आठवड्यात घरोघरी करतात. एका खरोखर वाईट शब्दाची सुरुवात तशीच असल्याने जीभ घसरायच्या आत लोक ‘ब्लिन’वर थांबतात, आपल्याकडचं ‘आयला’ जसं मऊ झालंय तसं. इंग्रजी ‘डॅम’ला मी स्वतः बहुतेक वेळा हाच शब्द वापरते. मित्रांत आणि तुमच्याशी बोलताना ठीक आहे. प्राध्यापकांसमोर आणि वॉर्डात रुग्णाच्या खाटेपाशी मात्र नको, एवढं त्याला सांगा.