वर्ग सांभाळून मैफल

प्रश्न : माझी मुलगी २० वर्षांची आहे. नऊ वर्षांची होती तेव्हापासून व्हायोलिन शिकते. विशारद झाली, बी.ए.चं शेवटचं वर्ष चालू आहे. तिला मैफलीत वाजवायचंय. घरचे म्हणतात, एम.ए. कर, विद्यापीठात नोकरी बघ, वाजवणं काय, संध्याकाळी होईलच. तुम्ही दोन्ही केलंत. खरंच जमतं का?
– एक आई, मिरज

उत्तर : संध्याकाळी होत नाही, हे आधी सांगते. दिवसभर शिकवून आल्यावर हात चालतो, पण कान थकलेला असतो. बेसूर लागलं तरी तो कुरकुर करत नाही, आणि तसा रियाज न केलेला बरा. माझं वाजवणं टिकलं ते पहाटे पाच ते सातमुळे. त्या दोन तासांत अभ्यासक्रमातला राग वाजवायचा नाही, हा नियम मी निवृत्त होईपर्यंत पाळला.

तो नियम का केला, तेही सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका तालुक्याच्या गावी माझा कार्यक्रम होता. यमन राग घेतला. वर्षभर वर्गात यमनच शिकवत होते. आलाप सुरू केला आणि प्रत्येक जागेनंतर मी थांबत गेले. निषादाचा सूर दाखवला, थांबले. तीव्र मध्यम दाखवला, पुन्हा थांबले. कार्यक्रम संपल्यावर तबलजी व्हायोलिनच्या पेटीशी येऊन हळूच म्हणाले, ‘ताई, आज तुम्ही शिकवत होतात.’ त्यांचं बरोबर होतं. वर्गात आपण राग उलगडून, तुकडे करून दाखवतो; मैफलीत तो अखंड उभा राहावा लागतो. तुकडे करायची सवय बोटांत इतकी मुरते, की आपल्याला कळतही नाही.

पण वर्गाने मला जे दिलं ते मैफलीने दिलं नसतं. एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, गज फिरवला की सूर का तुटतो?’ मला उत्तर देता आलं नाही. गज म्हणजे तारांवर ओढायची केसांची काठी. घरी आरशासमोर बसून पाहिलं, तर तो वळायच्या आधीच माझं मनगट दाब सोडत होतं. वर्षानुवर्षं ते कानाला खटकायचं, पण कारण सापडलं नव्हतं. तेव्हापासून विद्यार्थ्यांना आधी बंदिश गायला लावायची, शब्द कुठे तुटतो, श्वास कुठे घेतला जातो ते पाहायचं आणि गज तिथेच फिरवायचा, असं शिकवू लागले. माझं स्वतःचं वाजवणंही त्याने बदललं.

शिकवणं आणि मैफल दोन्ही सांभाळल्याचं सर्वांत मोठं उदाहरण व्हायोलिनवादक एन. राजम यांचं. घरात कर्नाटक संगीताची तालीम, वडील ए. नारायण अय्यर हेच पहिले गुरू. पुढे पं. ओंकारनाथ ठाकुरांकडे गायकी शिकल्या आणि ती व्हायोलिनवर आणली. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी सुमारे ४० वर्षं शिकवलं, विभागप्रमुख झाल्या, अधिष्ठाता झाल्या, आणि मैफली थांबल्या नाहीत. १९८४ मध्ये पद्मश्री, २००४ मध्ये पद्मभूषण. आपले व्हायोलिनवादक वि. गो. जोगही लखनौला शिकवत होते, आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या आजही ऐकल्या जातात. तेव्हा जमतं. मात्र या दोघांनी वाजवणं कधी उरलेल्या वेळेवर टाकलं नाही.

आता नोकरीचं. एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा आपली सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, हा नेहमीचा रस्ता. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं. मंचावर उत्तम वाजवणाऱ्या कित्येक मुली इथे अडकतात, कारण तिथे श्रुती, ग्रंथ, तालशास्त्र विचारतात. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कोणी ऐकत नाही. दुसरा रस्ता कलावंतांसाठी आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत, नामवंत गुरूकडे शिकलेल्या, आकाशवाणी किंवा दूरदर्शनच्या ‘ए’ श्रेणीच्या पदवीधर कलाकाराचाही विचार होतो. विषय समजावून सांगता यायला हवा, सिद्धान्त शिकवता यायला हवा. म्हणून ही श्रेणी देणारी आकाशवाणीची ऑडिशन कमी लेखू नका. ‘बी’पासून ‘ए’पर्यंत पोचायला वर्षं जातात, पण ती वाजवण्यातच जातात.

आणि तासिका तत्त्व, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन. याबद्दल घरात मोकळेपणाने बोला. कायम जागा निघेपर्यंत बहुतेकांना तासांवरच शिकवावं लागतं. मीही चार वर्षं शिकवलं. सुट्टीत मानधन नाही, आणि झालेल्या तासांचे पैसे एकदा सात महिन्यांनी हातात पडले. त्या काळात घरी मुलांच्या शिकवण्या घेऊन तारांचा खर्च काढला. तुमच्या मुलीला ती वर्षं काढावी लागली तर घरून आधार मिळेल का, हा प्रश्न नोकरीच्या प्रश्नाआधीचा आहे.

एम.ए. जरूर करू द्या, पण विभाग निवडताना मानांकन पाहू नका. तिथे व्हायोलिन शिकवणारी व्यक्ती स्वतः अजून मैफलीत बसते का, एवढं विचारा. आणि मिरजेतच आहात, तर तिला एखाद्या तंबोरा करणाऱ्यांच्या दुकानात नेऊन बसवा. जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद खुलवताना, ते घोडीवरचा (तारा टेकतात त्या पट्टीवरचा) दोरा केसभर सरकवतात, तार छेडतात, पुन्हा सरकवतात. तिने व्हायोलिन सोबत न्यावं आणि तंबोऱ्याचा षड्ज (सा) पुरता उघडला की त्याच्यावर आपल्या तारा लावाव्यात. चारही तारा एका बैठकीत, घाई न करता. हे ती किती वेळ करू शकते ते पाहा आणि मला पुन्हा लिहा.