भाऊ सिझोफ्रेनियामुळे बोर्ड आउट झाला, 'घरगुती कारण' म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली. इतक्या वर्षांनी अपील होतं का?

होतं. तुमचा भाऊ तोफखान्यात होता, २०११ मध्ये बोर्ड आउट झाला, म्हणजे मेडिकल बोर्डाने आजारामुळे सेवेतून बाहेर काढला, इनव्हॅलिड पेन्शन चालू आहे पण डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, नाकारलं आणि त्यावर कधी अपील केलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. अशी केस नुसत्या उशिरामुळे बाद होत नाही. पेन्शन दर महिन्याची असते, त्यामुळे ती नाकारणं हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय धरतात. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा तरसेम सिंग निकाल याच मुद्द्यावर आहे. तोटा एवढाच की थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे आणखी बसून राहाल तितके महिने कायमचे गेले.

पण उत्तर लिहायला घेतलं ते तुम्ही लिहिलेल्या आणखी एका गोष्टीमुळे. कॅन्टीनच्या रांगेत एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी तुम्हाला सांगितलं की सीओंच्या, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या, रिपोर्टात 'डोमेस्टिक प्रॉब्लेम' लिहिलंय, आता विषय संपला. देवळाली कॅम्पापासून भगूरपर्यंत हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. त्यापायी कित्येक घरांनी नकाराचं पत्र ट्रंकेत टाकून दिलं.

पेन्शनच्या प्रकरणांत लष्करी डॉक्टरांनी काय बघायचं याची एक मार्गदर्शिका आहे, 'गाइड टू मेडिकल ऑफिसर्स', २००२ ची. २००८ मध्ये तिच्यात दुरुस्ती झाली. मानसिक आजारांसाठी तिचा परिच्छेद ५४ वाचा. लढाईचा किंवा बंडखोरीविरोधी कारवाईचा भाग, अति उंचावरची ड्यूटी, अगदी एकाकी चौकी, अशा ठिकाणी आजार सुरू झाला तर तो सेवेमुळेच झाला असं मानायचं. ही एक वाट, ती बहुतेकांना माहीत असते. दुसरी वाट कोणी सांगत नाही. सेवेच्या गरजेपोटी रजा नाकारली गेली आणि त्यानंतर तीन महिन्यांत आजार सुरू झाला, तर सेवेमुळे आजार वाढला असं मान्य करायचं. रजेमागची कारणंही तिथे दिली आहेत: एकुलत्या एक मुलाच्या आईचं किंवा वडिलांचं निधन, बायको किंवा मुलाचा मृत्यू, कुटुंबावर खून-बलात्कार-दरोड्यासारखा गुन्हा, भूकंप-वादळात घरच्यांच्या जिवाला धोका, मुलाचं लग्न, एकुलत्या एका भावाच्या बहिणीचं लग्न. ही सगळी कारणं घरगुतीच आहेत! म्हणून रिपोर्टात 'घरगुती अडचण' दिसली की फाईल मिटायची नाही. त्या वेळी रजा मागितली होती का आणि मिळाली का, हे शोधायचं.

सिन्नर तालुक्यातल्या एका गनरची (तोफखान्यातल्या जवानाची) फाईल मला पुरती ठाऊक आहे. भरतीच्या वेळी शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. आईचा एकुलता एक मुलगा. युनिट फील्डमध्ये असताना गावी आई गेली. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीचा, त्यावर तारीख. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटच्या अधिकृत लेखी नोंदीत, त्यानंतरची पहिली रजा दिसते ती जवळपास सात आठवड्यांनी. रजेवरून परतल्यावर थोड्याच दिवसांत तो एमएचच्या (मिलिटरी हॉस्पिटलच्या) सायकियाट्री वॉर्डात दाखल. सीओंनी एएफएमएसएफ-१० वर, म्हणजे मानसिक रुग्णाबद्दल युनिटने द्यायच्या रिपोर्टात, लिहिलं की घरगुती समस्येने अस्वस्थ, ड्यूटीचा विशेष ताण नाही. मेडिकल बोर्डाने तेच उचललं. एएफएमएसएफ-१६ च्या, म्हणजे बोर्डाच्या अहवालाच्या फॉर्मच्या, तक्त्यात 'सेवेशी संबंध नाही' आणि कारणाच्या रकान्यात 'कॉन्स्टिट्यूशनल' एवढा एकच शब्द. त्याच फॉर्मात 'हा आजार सेवेत येण्याआधी होता का' या प्रश्नापुढे मात्र 'नाही'. आजार उपजत प्रकृतीचा, पण आधी नव्हता, आणि सेवेनेही झाला नाही. मग आला कुठून, हे कोणी लिहिलंच नाही.

केस फिरली ती हॉस्पिटलच्या केस शीटमुळे. दाखल करताना सायकियाट्रिस्टने हिस्टरीत लिहून ठेवलं होतं की आई वारली, एकटा मुलगा, सुट्टी मागितली, युनिटच्या कामामुळे मिळाली नाही. ही ओळ बोर्डाच्या कागदांत कुठेच उतरली नव्हती. मृत्यू, रजा आणि दाखल होणं या तीन तारखा अन् ती ओळ एका पानावर मांडली, तेव्हा परिच्छेद ५४ जसाच्या तसा लागू झाला. ४० टक्के अपंगत्व मान्य होतंच, ब्रॉड बँडिंगने, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याच्या नियमाने, त्याचे ५० झाले.

त्या गनरच्या बायकोलाही आधी सल्ला मिळाला होता की मुलींची लग्नं व्हायची आहेत, अपिलात डोक्याचा आजार नको, कंबरदुखी लिहा. असं सांगणारे अजून भेटतात. बोर्डाने जो आजार नोंदवला, अपील त्याच आजारावर चालतं. दुसरा लिहिलात तर फाईल पहिल्याच टेबलावरून परत येते. आजाराची लाज धरून हक्क सोडायला लावणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका.

आता कागद. नाकारलेल्या रजेची पार्ट टू ऑर्डर निघत नाही, त्यामुळे पुरावा आडून गोळा करावा लागतो: केस शीट, घरून गेलेली पत्रं, बरोबरच्या जवानाचं प्रतिज्ञापत्र. भाऊ तोफखान्यातला, म्हणजे त्याची कागदपत्रं तोफखाना अभिलेख (रेकॉर्ड ऑफिस), नाशिकरोड कॅम्प इथेच. मराठा लाइट इन्फंट्रीचा असता तर बेळगावला लिहावं लागलं असतं. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, उत्तराची मुदत ३० दिवस. 'सर्व मेडिकल कागद' असं मोघम मागू नका. नावानिशी मागा: भरतीची वैद्यकीय तपासणी, एएफएमएसएफ-१६ चे सगळे भाग, एएफएमएसएफ-१०, सायकियाट्रिस्टची सगळी ओपिनियन, केस शीट, रजेच्या पार्ट टू ऑर्डर आणि नकाराचं मूळ पत्र. केस शीट ठरावीक काळानंतर नष्ट करतात, म्हणून ज्या एमएचमध्ये भाऊ दाखल होता तिथेही त्याच दिवशी वेगळा अर्ज टाका.

एएफएमएसएफ-१६ आला की जवानाचं स्वतःचं निवेदन बघा. 'सेवेतल्या कोणत्या घटनेमुळे आजार झाला असं वाटतं' यापुढे 'नाही' लिहिलेलं असतं आणि खाली त्याची सही. सरकारी वकील यावरच बोट ठेवतात. वॉर्डात औषधांच्या गुंगीत असलेल्या माणसाची ती सही आहे, हे दाखल असण्याच्या तारखांवरून दाखवा.

पहिल्या अपिलाची मुदत नकारापासून सहा महिने असते, ती कधीच गेली. तरी उशिराचं कारण देऊन अपील रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. मुदतबाह्य म्हणून परत आलं तर ते पत्र जपा, सहा महिने उत्तरच आलं नाही तर पोचपावती जपा. त्यावर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १४ खाली अर्ज आणि सोबत विलंबमाफीचा अर्ज.

निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. २०१३ चा धर्मवीर सिंग निकाल आपल्या बाजूचा: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने कारणं द्यायलाच हवीत. सिझोफ्रेनियाच्याच केसमध्ये २०२५ चा राजुमोन निकालही कारणांवरच उभा आहे. विरुद्ध बाजूला २०१९ चा नरसिंग यादव निकाल: असा आजार भरतीच्या तपासणीत दिसू शकत नाही, म्हणून नुसत्या गृहीतकावर पेन्शन नाही. यासाठीच तारखांचा पुरावा हवा. नुसती दयेची विनवणी असलेले अर्ज वर्षानुवर्षं हरताना दिसतात.

पैशांचं म्हणाल तर १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के डिसॅबिलिटी एलिमेंट असतं, ५० टक्क्यांना त्याच्या निम्मं. बोर्डाने २० टक्क्यांच्या खाली आकडा टाकला असेल तरी बोर्ड आउट झालेल्यासाठी २०१४ चा सुखविंदर सिंग निकाल आहे, तो लावा.

न्यायाधिकरणाने नव्याने मेडिकल बोर्ड करायला सांगितलं, तर भाऊ 'आजारी दिसावा' म्हणून त्याच्या गोळ्या बंद करू नका. असं करणारी माणसं आहेत आणि त्यातून रुग्ण थेट आयसीयूत जाऊ शकतो. आजवरची सगळी प्रिस्क्रिप्शनं घेऊन जा, अपंगत्व त्यांवरूनही दिसतं. अपिलाच्या काळात जुन्या आठवणी उपसल्या जातात, तो बिथरला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. अर्जावर सही त्याची स्वतःची चालते. नुसता आजार आहे म्हणून कोणी असमर्थ ठरत नाही, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तसं स्पष्ट सांगतो.

हे सगळं २१ सप्टेंबर २०२३ च्या आधी बाहेर पडलेल्यांसाठी आहे. त्यानंतरच्यांना नवे नियम लागतात, त्यांनी माझं उत्तर तसंच्या तसं लावू नये.

वकिलाची फी विचारलीत, ती ज्याच्या-त्याच्यावर आहे. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो का ते विचारा. खासगी केलात तर रक्कम लेखी ठरवा. थकबाकीतला टक्का मागणाऱ्याकडे केस देऊ नका, बार कौन्सिलच्या नियमांत तशी फी घ्यायला मनाई आहे.