वाचकांचे प्रश्न : स्कॅनर हाती आला, आता ऐकायचं कुठे?

हँडहेल्ड स्कॅनर, म्हणजे एकामागून एक फ्रिक्वेन्सी तपासत जाणारा हातात धरायचा रेडिओ. त्याविषयी आलेली पत्रं बरेच दिवस साचली होती. त्यातले जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते या वेळी एकत्र घेतले आहेत. मी वायरलेस सेट दुरुस्त करणारा माणूस आहे, त्यामुळे उत्तरं टेबलावरच्या भाषेतच असतील.

प्रश्न : स्कॅनरच्या खोक्यावर २५ ते १३०० मेगाहर्ट्झ असं लिहिलंय. या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्च लावून ठेवला, पण खरखर, शिट्ट्या आणि मधूनच एखादं अर्धवट वाक्य, यापलीकडे काही नाही. सेट सदोष आहे का?

सेट ठणठणीत आहे. तुम्ही त्याला जुंपलंय ते काम चुकीचं आहे. कागद-पेन्सिल घ्या. २५ ते १३०० म्हणजे १२७५ मेगाहर्ट्झ. दर १२.५ किलोहर्ट्झवर एक थांबा धरला तर थांबे झाले १ लाख २ हजार. सेट सेकंदाला ५० थांबे तपासतो असं समजू. एक फेरी पुरी व्हायला ३४ मिनिटं लागली. आणि वैमानिक किंवा बोटीवरचा माणूस बोलतो किती? तीन-चार सेकंद. तुमचा सेट त्या जागी पोचेपर्यंत बोलणारा कधीच गप्प झालेला असतो. जे अर्धवट वाक्य कानी पडलं, तो निव्वळ योगायोग.

म्हणून आधी पट्टा, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा एक सलग तुकडा, निवडायचा. पट्टा कळला की तीन गोष्टी आपोआप ठरतात : मोड कोणता (एएम की एफएम, म्हणजे आवाज लहरीवर कसा चढवलाय), पायरी किती (एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंतचं अंतर), ॲन्टेना केवढी. खोक्यावरचा आकडा हा विक्रेत्याचा अभिमान आहे, ऐकणाऱ्याचा नव्हे.

सुरुवात अशा पट्ट्यांपासून करा जे आंतरराष्ट्रीय कराराने जगभर जवळपास सारखेच आहेत. ८७.५ ते १०८ हा करमणुकीच्या एफएम केंद्रांचा, तो तुम्हाला माहीतच आहे. त्याला लागून १०८ ते ११८ मध्ये विमानांना दिशा दाखवणारे सेट चालतात, तिथे माणसाचा आवाज क्वचितच. बहुतेक वेळा मोर्समधली दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा वाजत राहतात. ११८ ते १३७ हा विमानांच्या बोलण्याचा पट्टा. १४४ पासून हॅम मंडळींचा, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांचा, दोन मीटरचा पट्टा सुरू होतो, काही भागांत तो १४६ ला संपतो, काही भागांत १४८ ला. १५६ ते १६२ समुद्री वाहतुकीचा. त्यातला चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हाक मारण्याचा आणि संकटाचा. २२५ ते ४०० च्या दरम्यान लष्करी विमानं, आणि ४३० च्या पुढे पुन्हा हॅम.

पोलीस, टॅक्सी, सुरक्षारक्षक, कारखाने हे सगळं ज्या त्या देशाने आपल्या सोयीने मांडलेलं असतं. त्यामुळे परदेशातली एखादी यादी मिळाली आणि तुम्ही ती जशीच्या तशी सेटमध्ये भरलीत, तर विमानं आणि जहाजं ऐकू येतील, बाकी शुकशुकाट.

आता त्याच सेटला ११८ ते १३७ एवढंच अंतर द्या, २५ किलोहर्ट्झच्या पायरीने. थांबे उरले ७६०. फेरी पंधरा सेकंदांच्या आसपास. फरक लगेच जाणवेल.

शिट्ट्यांचं म्हणाल तर त्यातल्या बऱ्याचशा सेटच्या पोटातल्याच असतात. ॲन्टेना काढा. शिट्टी तशीच राहिली तर ती बाहेरून येत नाहीये. ती जागा लॉकआउट करून टाका, म्हणजे सर्चमधून वगळा, नाहीतर सर्च दर फेरीला तिथेच अडकून बसेल.

प्रश्न : पायरी म्हणजे स्टेप. ती ५ ठेवू, १० ठेवू की १२.५? मॅन्युअलमध्ये सगळ्या दिल्यात, कोणती कशासाठी ते दिलेलं नाही.

मॅन्युअल लिहिणाऱ्यांना हे सांगावंसं का वाटत नाही, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

ज्या पट्ट्यात चॅनेल जेवढ्या अंतरावर आखलेत, तेवढीच पायरी ठेवायची. विमानांच्या पट्ट्यात २५ किलोहर्ट्झ. तिथे तुम्ही ११८.००० पासून १० ची पायरी लावली, तर सेट ११८.०१०, ११८.०२०, ११८.०३० असा जाईल आणि ११८.०२५ वर तो कधी थांबणारच नाही. शेजारून ऐकेल, म्हणजे आवाज फाटका येईल किंवा कमजोर सिग्नल निसटून जाईल.

युरोपात गर्दी एवढी वाढली की २५ चे तीन तुकडे करून ८.३३ ची आखणी केली. तिथल्या श्रोत्यांची यात हमखास फसगत होते, कारण वैमानिक जो आकडा सांगतो ते चॅनेलचं नाव असतं, खरी फ्रिक्वेन्सी नव्हे. ११८.०१० असं नाव असेल तर सेट प्रत्यक्षात ११८.००८३ वर असतो. ११८.०१५ म्हणजे ११८.०१६७. स्कॅनरमध्ये ८.३३ ची सोय असेल तर तो हे स्वतःच सांभाळतो. नसेल तर जवळात जवळचा आकडा टाका, एवढ्या-तेवढ्या फरकाने बोलणं समजायचं राहत नाही.

प्रश्न : एका फ्रिक्वेन्सीवर कुणीतरी बोलतंय हे नक्की, कारण मधूनच खरखर एकदम थांबते आणि सेटवर सिग्नलच्या काड्या चढतात. पण शब्द एक नाही. का?

छान निरीक्षण आहे. खरखर थांबली आणि बोलणं आलं नाही, तर पहिला संशय मोडवर घ्यायचा. एएमचा सिग्नल एफएम मोडमध्ये ऐकलात की नेमकं हेच होतं : वाहक लहर खरखर दाबून टाकते, पण आवाज लहरीच्या उंचीच्या चढउतारात असतो आणि एफएमचा भाग तो चढउतार छाटून फेकतो. उलट केलंत, म्हणजे अरुंद एफएम एएममध्ये ऐकलात, तर बरोबर मध्यावर आवाज फुटका आणि किंचित बाजूला सरकलात की कळण्याजोगा होतो. तिसरी खूण : आवाज स्वच्छ पण अगदी बारीक, व्हॉल्यूम पिळला तरी पुरत नाही. म्हणजे तुम्ही अरुंद एफएम रुंद मोडमध्ये ऐकताय. करमणुकीची केंद्रं लहरीला ७५ किलोहर्ट्झपर्यंत दोन्ही बाजूंना हलवतात, वॉकीटॉकी फार तर पाच किंवा अडीच. त्या मापाने आवाज बारीक होणारच.

विमानांसाठी अजूनही जुनापुराणा एएम का, असंही एकाने विचारलंय. परंपरा हे एक कारण आहे, पण दुसरं मला जास्त पटतं. एफएममध्ये दोघे एकदम बोलले तर जोरकस सिग्नल कमजोराला पार गिळून टाकतो, ऐकणाऱ्याला दुसरा कुणी होता याचा पत्ताही लागत नाही. एएममध्ये दोन्ही लहरी एकमेकींत मिसळून कर्कश शिट्टी उमटते. नियंत्रकाला शब्द कळले नाहीत तरी दोघे बोलले एवढं कळतं, आणि तो पुन्हा विचारतो.

प्रश्न : विमानं छान ऐकू येतात, पण त्यांना उत्तर देणारा टॉवर ऐकू येत नाही. टॉवर तर विमानापेक्षा जवळ आहे!

जवळ असून उपयोग काय, मध्ये पृथ्वी आडवी आहे ना. या पट्ट्यांतल्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत चालतात, क्षितिजापलीकडे थोड्याशाच वळतात. आमच्या धंद्यात एक सोपा हिशेब आहे : ॲन्टेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, त्या टोकाचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. दोन्ही टोकांची बेरीज करा.

विमान १० हजार मीटरवर आहे. वर्गमूळ १००, म्हणजे ४१२ किलोमीटर. तुम्ही उभे आहात, ॲन्टेना दीड मीटरवर, तुमचे पाच. एकूण ४१७. टॉवरची ॲन्टेना २५ मीटरवर असेल तर त्याचे साडेवीस, तुमचे पाच, बेरीज जेमतेम साडेपंचवीस. त्यात इमारती आणि झाडं आपला वाटा उचलतात तो वेगळाच. तुम्ही दहा मीटर उंच गच्चीवर गेलात तर हीच बेरीज ३३ च्या पुढे जाते. सेट बदलण्याआधी जिना चढून बघा.

प्रश्न : ११९.९ वर विमानांऐवजी चक्क गाणी! केंद्राने पट्टा ओलांडलाय का? तक्रार कुणाकडे करायची?

तक्रार करायचीच तर तुमच्या सेटच्या फिल्टरकडे करा. केंद्र बिचारं आपल्या जागेवरच आहे.

सेट येणारी फ्रिक्वेन्सी जशीच्या तशी वाचत नाही. तो पोटात स्वतःची एक लहर तयार करतो आणि दोन्हींतल्या फरकावर काम करतो. हा फरक समजा १०.७ मेगाहर्ट्झ आहे. ११९.९ ऐकण्यासाठी सेट आतली लहर १०९.२ वर ठेवतो. पण १०९.२ पासून १०.७ खालीही अंतर आहेच : ९८.५. तिथे दणदणीत एफएम केंद्र असलं की तेही त्याच दारातून आत शिरतं. याला इमेज म्हणतात. खूण सोपी : ऐकू आलेल्या जागेतून २१.४ वजा करा आणि उत्तर एखाद्या केंद्राच्या आकड्याशी जुळतं का पाहा. बरेच स्कॅनर हा फरक खूप मोठा ठेवतात, त्यामुळे तुमच्या सेटचा आकडा वेगळा असू शकेल. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत आयएफ या नावाने तो दिलेला असतो. त्याची दुप्पट करून बघायचं.

उपाय? ॲटेन्युएटरचं (येणारा सिग्नल कमजोर करणारं) बटण असेल तर दाबा. मोठी ॲन्टेना लावली असेल तर काढून छोटी लावा. एफएमचा पट्टा अडवणारा फिल्टर ॲन्टेना आणि सेटच्या मध्ये बसवला तर प्रश्नच मिटतो. लोक नेमकं उलट करतात : ऐकू येत नाही म्हणून ॲन्टेना वाढवतात, आणि वाढवलेली ॲन्टेना पहिल्यांदा एफएम केंद्रालाच आत ओढते.

प्रश्न : ॲन्टेनाची लांबी किती ठेवावी?

७५ ला मेगाहर्ट्झने भागा, पाव लहरीची लांबी मीटरमध्ये येते. विमानांसाठी ५९ सेंटिमीटर, दोन मीटरच्या हॅम पट्ट्यासाठी ५२, ४३५ साठी १७. खेचून लांब करता येणारी ॲन्टेना असेल तर पट्टा बदलाल तशी लांबी बदला. आणि ती उभी धरा. टेबलावर आडवा टाकलेला स्कॅनर उगाच बहिरा होतो, कारण जमिनीवरून बोलणारे बहुतेक जण उभ्या ॲन्टेनावर बोलतात.

प्रश्न : काही ठिकाणी फटफट किंवा घरघर असा आवाज येतो. तो बोलण्यात कसा बदलायचा?

ते डिजिटल आहे. डीएमआर या डिजिटल पद्धतीच्या वॉकीटॉकीत एका चॅनेलचा वेळ दोघांत वाटलेला असतो, ३० मिलिसेकंद एकाचे, ३० दुसऱ्याचे. वॉकीटॉकी आपल्या पाळीपुरतीच बोलते, म्हणून फटफट. अखंड घरघर असेल तर दुसरी एखादी पद्धत, किंवा ट्रंकिंगचं (अनेकांना मोजकी चॅनेल गरजेप्रमाणे वाटून देणाऱ्या यंत्रणेचं) कंट्रोल चॅनेल. साध्या ॲनालॉग स्कॅनरवर हे उलगडत नाही, मोड बदलत बसू नका. डिजिटल स्कॅनर घेतलात तरी सांकेतिक केलेलं बोलणं बंदच राहणार.

प्रश्न : हे ऐकणं कायदेशीर आहे का?

देशागणिक नियम वेगळा. कुठे ऐकायला मुभा आहे पण ऐकलेलं सांगायला नाही, कुठे सेट जवळ बाळगायलाही परवाना लागतो. तुम्ही जिथे राहता तिथला नियम सेट घेण्याआधी वाचा, आणि प्रवासात सेट नेणार असाल तर तिथलाही. ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास काही स्कॅनरना भोक पडलेलं दिसतं तेही कायद्यापायीच : अमेरिकेत मोबाइल फोनचा तो पट्टा ऐकू शकणारे स्कॅनर बनवायला आणि आयात करायला १९९४ पासून बंदी आहे.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक माझ्या छोट्या स्कॅनरवर ऐकू येईल का? सगळे म्हणतात डिश लागते.

डिश नको. वरचा टॉवरचा हिशेब वाचलास ना? स्थानक ४०० किलोमीटरच्या वर आहे आणि मध्ये काही आडवं नाही. डोक्यावरून जाताना ते कित्येक टॉवरांपेक्षा स्पष्ट येतं. अंतराळवीर हॅम रेडिओवर बोलतात ते १४५.८०० वर, अरुंद एफएममध्ये. रोज बोलत नाहीत, शाळांशी ठरवून गप्पा असतात तेव्हा बोलतात, आणि तुला फक्त अंतराळवीराची बाजू ऐकू येईल. शाळेची नाही, कारण ती दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर आणि क्षितिजाखाली.

स्थानक केव्हा उगवतं ते वेळापत्रक पाहून मोकळ्या जागी जा. उगवल्यापासून मावळेपर्यंत दहाएक मिनिटं मिळतात. ते तुझ्याकडे येत असतं तेव्हा फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झ चढलेली असते, दूर जाताना तेवढीच उतरलेली. १४५.८ वर एवढं चालून जातं, सेटला हात लावू नकोस. स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) मात्र पूर्ण उघडा ठेव, कारण सुरुवातीचा सिग्नल इतका बारीक असतो की स्क्वेल्च त्याला खरखर समजून अडवतो.

ते जमलं की ४३७.८०० बघ. तिथे स्थानकावरचा रिपीटर (ऐकलेलं दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा प्रसारित करणारा सेट) असतो, चालू ठेवलेला असला की जगभरचे हॅम त्यातून बोलतात. इथे फ्रिक्वेन्सी तिप्पट म्हणून सरकणंही तिप्पट, दहा किलोहर्ट्झच्या वर. पाच मेमरी भरून ठेव : ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५, ४३७.७९०. उगवताना पहिलीवर असायचं, आवाज फाटायला लागला की पुढच्या मेमरीवर. मधली तीन झपाट्याने बदलावी लागतात, कारण डोक्यावर असताना फ्रिक्वेन्सी सगळ्यात वेगाने घसरते. आणि ॲन्टेना या वेळी सरळ उभी धरू नकोस. टोक थेट स्थानकाकडे न रोखता मनगटाने हळूहळू तिरकी फिरवत राहा, जिथे खरखर कमी होईल तिथे थांब.