दोन तास सुनेसाठी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

बऱ्या न होणाऱ्या रुग्णांना घरी जाऊन आधार देणारा आमचा गट आहे. परीक्षा संपल्यावर आमच्याबरोबर त्या रुग्णांच्या घरी यायचंय म्हणतेस, आणि ‘मी डॉक्टर नाही, नर्स नाही, मग तिथं करू काय?’ असंही विचारतेस. आपण जातो ते निम्मं रुग्णासाठी. उरलेलं निम्मं, खरं तर जास्तच, त्याचं सगळं करणाऱ्या माणसासाठी.

शिवाजी पेठेतले एक काका उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होते. आतड्याचा कॅन्सर, आता उपचार थांबलेत. सुनेला विचारलं, शेवटची बाहेर कधी पडलीस? म्हणाली, ‘मेडिकलपर्यंत जाते की.’ आता दर आठवड्याला आपल्यातलं कुणीतरी दोन तास काकांपाशी बसतं. ती कधी महाद्वार रोडला जाते, कधी माहेरी जाऊन नुसती झोपून येते. कुठं गेली होतीस, हे विचारायचं नाही. काकांशी आजारावरच बोलायला पाहिजे असं नाही. वितळलेल्या लोखंडाच्या रंगावरून ओतायची वेळ कशी ओळखायची, हे विचारून बघ, अर्धा तास सांगतील. डोळे मिटून पडले तर तूही गप्प बस. फक्त मोबाईल काढू नकोस.

घरच्यांच्या मनातलं डॉक्टरांपुढं निघत नाही, चहा पिताना निघतं. ‘मॉर्फिन जरा कमीच देतो, सवय लागंल म्हणून’ हे वाक्य तुला हमखास ऐकायला मिळेल. मॉर्फिन म्हणजे तीव्र वेदनांवरचं, अफूपासूनचं औषध. त्याच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ बघून द्यायची असते. कळ उठेपर्यंत थांबलं तर माणूस तळमळत राहतो. तिनं पोट घट्ट होतं, म्हणून जोडीला पोट साफ व्हायचं औषध लिहिलेलं असतं. ‘इतकी औषधं कशाला’ म्हणून नेमकं तेच बंद केलेलं असतं. यातलं काहीही तू स्वतः बदलायचं नाहीस. ऐकलंस की त्याच दिवशी नर्सताईंना फोन करायचा. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन मिळवणं सोपं झालं, पण घरातली भीती काढायला कुणीतरी घरात जाऊन बसावंच लागतं.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, मग डॉक्टर. दुखणं शरीराचं असतं तसंच मनाचं, संसाराचं, देवाधर्माचंही असतं, हे त्यांनी ठासून मांडलं. आपल्या काकांना पोटातल्या कळेपेक्षा धाकट्याचं कर्ज जास्त सलतं. ते आपण फेडू शकत नाही. पण संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरच्या रुग्णालाही अर्ज करता येतो, आणि तहसील कार्यालयात कागद घेऊन उभं राहायला त्या घरात माणूस नाही. तिथं तुझे तरुण पाय कामाला येतील. केरळात अशा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बळावरच गावोगाव ही सेवा चालते.

जेवणावरून मात्र घरोघरी रुसवेफुगवे. काकू पांढरा रस्सा करतात, काका एक चमचा घेऊन तोंड फिरवतात, काकू पदर डोळ्याला लावतात. आपल्याकडं माया ताटात वाढायची पद्धत, त्याला कोण काय करणार! शेवटच्या काळात शरीराची भूकच कमी होते, आणि जबरदस्तीनं भरवलं तर ठसका लागून घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. हे काकूंना नर्सताई समजावतील. तू काकूंचं रडणं थांबवायला जाऊ नकोस. ओठ कसे ओले करायचे, ते नर्सताईंकडून शिकून घे आणि काकूंना दाखव. हाताला काम मिळालं की जीव जरा थाऱ्यावर येतो.

‘त्यांना काही सांगू नका हं,’ असं दारातच कानात सांगतील. होकार देऊ नकोस, वादही घालू नकोस. काकांनी ‘मी बरा होणार का?’ विचारलं, तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारून ऐकून घे, आणि आम्हाला कळव.

माणूस गेल्यावरही आपलं जाणं थांबत नाही. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, नंतर कुणी फिरकत नाही. तेव्हा एक फेरी मारायचीच.

आता तुझा वार कळव. मोठ्या उत्साहानं तीन वार सांगू नकोस. एकच सांग, पण पाळता येईल असा. त्या दिवशी सून साडी बदलून वाट बघत असते.

तुझा,
काका